तेराव्या जन्माचा निरोप

सर्वपित्री अमावास्येस पितरांच्या नावे तिलोदक सोडावे, पान वाढावे, आणि दुसऱ्या प्रभाती घट बसवून जगन्मातेचे स्वागत करावे, असा आपला कुलाचार आहे. याच आश्विन शुद्ध प्रतिपदेस, शके १६२२ मध्ये म्हणजे इसवी सन १७०० साली, तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई यांनी देह ठेवला. काकबळी ठेवून परतताना घरातील एखादा तरुण हळूच विचारतो, हे खरोखर त्यांना पोहोचते काय? त्याच्यावर रागावू नये. कठोपनिषदातील नचिकेत्याने तिसरा वर म्हणून प्रत्यक्ष यमधर्माजवळ मरणोत्तर अस्तित्वाविषयीच्या शंकेचेच निरसन मागितले होते. ती शंका मनात ठेवूनच हे चरित्र पाहावे.

वेरूळजवळील देवगाव येथे १६२८ साली आऊजी कुलकर्णी व जानकी यांच्या पोटी बहिणाबाईंचा जन्म झाला. अगदी बालवयातच शिऊरचे बिजवर रत्नाकर पाठक यांच्याशी त्यांचा विवाह लागला. पुढे कलहामुळे कुटुंबाला गाव सोडावे लागले आणि तीर्थाटन करीत ती मंडळी कोल्हापुरास आली. तेथे दानात मिळालेल्या गाईच्या वासराला बहिणाबाईंचा असा लळा लागला की, जयरामस्वामींच्या कीर्तनातही ते त्यांच्याजवळ उभे राही. लोकापवादाने संतापलेल्या पतीने त्यांना मारहाण केली. पुढे त्या वासराने प्राण सोडला आणि बहिणाबाई शुद्ध हरपून पडल्या. मृत्यूचा घाव त्यांनी असा कोवळ्या वयात सोसला. त्याच दिवसांत त्यांना तुकोबांचा ध्यास लागला, आणि कार्तिक वद्य पंचमीस तुकोबांनी त्यांना स्वप्नात मंत्रोपदेश केला.

वेदपाठी पतीला हे कसे रुचावे? शूद्राचा उपदेश, तोही स्त्रीला आणि स्वप्नात! ते घर सोडून जाण्यास सिद्ध झाले. परंतु तोच दुखण्याने अंथरुणास खिळले. बहिणाबाईंनी मनात किल्मिष न ठेवता त्यांची शुश्रूषा केली. पतीचे मन पालटले आणि दोघे देहूस तुकोबांच्या दर्शनास गेले. ब्राह्मण्य जन्माने येत नाही, ब्रह्मज्ञानाने येते, हा वज्रसूचीचा सिद्धान्त पुढे बहिणाबाईंनी अभंगांतून मांडला.

अंतकाळ समीप आल्याचे जाणून त्यांनी पुत्र विठोबास जवळ बोलावले आणि आपल्या मागील बारा जन्मांची हकिगत सांगितली. हा तेरावा जन्म. ते कथन त्यांच्या अभंगांत आहे. ज्या जीवाने बारा वेळा देह पालटला, त्याने एका देहाच्या जातीचा गर्व का वाहावा, आणि एका देहाच्या स्त्रीत्वाने स्वतःस हीन का मानावे? पुनर्जन्मावरील श्रद्धेने त्यांचा जन्माभिमान वाढविला नाही. तो समूळ उपटला.

सज्जनहो, एकाची स्मृती दुसऱ्यास प्रमाण कशी, असे तार्किक विचारील. त्याचा प्रश्न योग्य आहे. परंतु नैयायिक प्रत्यक्षाबरोबर आप्तवाक्यही प्रमाण मानतात. आप्त कोण? जो स्वतः जाणतो, आणि जाणले तसेच, हितबुद्धीने सांगतो, तो. ज्या माउलीने मारणाऱ्याची सेवा केली आणि मरणास निर्भयपणे सामोरी गेली, तिने जाता जाता आपल्या लेकास असत्य कशासाठी सांगावे? माझ्या श्रद्धेचा आधार एवढाच आहे. तो कोणावर लादता येणार नाही. पण आपले आचरण असे ठेवता येईल की, आपल्या मागे आपल्या शब्दावर मुलांनी विश्वास ठेवावा.

आज घटावर पहिली माळ चढविताना आदिशक्तीबरोबर शिऊरच्या या माउलीचेही स्मरण करावे. आणि त्या शंकेखोर मुलास जवळ बसवून तिची कथा सांगावी.