मूळ स्वराचा शोध करणारा रामो

फ्रान्स देशातील दिजाँ नगरीत इ. स. १६८३ च्या सप्टेंबर महिन्यात झाँ-फिलिप रामो याचा जन्म झाला. बाप त्याच गावच्या देवळांतून ऑर्गन वाजवीत असे. अकरा भावंडांत हा सातवा. मुलाने कायदा शिकून वकील व्हावे अशी वडिलांची इच्छा होती व म्हणून त्यास जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत घातले. परंतु वर्गात धडा चालला असता हा गाणे म्हणे किंवा वहीवर स्वर लिही, असे त्याचे चरित्रकार सांगतात, आणि शिक्षण पुरे न होताच त्याची शाळा सुटली. चरित्रातील एवढा भाग आमच्या विद्यार्थ्यांनी अनुकरणासाठी निवडू नये, अशी विनंती आहे. पुढे चाळिशीच्या उंबरठ्यावर या शाळा सोडलेल्या मुलाने संगीतशास्त्रावर जो ग्रंथ लिहिला, त्याचा अभ्यास आज तीनशे वर्षे चालू आहे.

अठराव्या वर्षी तो इटलीस निघाला, पण मिलानच्या पुढे गेला नाही. नंतरची वीस वर्षे आव्हिन्याँ, क्लेर्माँ, पॅरिस, दिजाँ, लियाँ आणि पुन्हा क्लेर्माँ अशी ऑर्गन वाजविण्याच्या नोकरीत गेली. या काळात सांगण्यासारखे बाहेर फारसे घडले नाही. जे घडले ते त्याच्या डोक्यात घडले.

ते काय, हे समजण्यास थोडे मागे जावे लागेल. त्या वेळी वादकापुढे केवळ खर्जाची, म्हणजे बासची ओळ असे व तिच्या स्वरांवर लहान अंक लिहिलेले असत. ते अंक पाहून वरचे स्वर वादकाने आपले आपण भरावयाचे. सा खाली असून वर ग आणि प असल्यास अंकाची गरज नसे. ग खाली आला म्हणजे ६ चा अंक. प खाली आला म्हणजे ६ व ४ असे दोन अंक. प्रत्येक मेळ निराळा समजून नवशिक्याने तो पाठ करावयाचा. अशी पाठांतरे डोंगराएवढी होती, आणि ज्याची स्मरणशक्ती बेताची, त्याने वाद्य खाली ठेवावे हेच बरे, अशी स्थिती होती.

रामोने पाहिले की सा-ग-प, ग-प-सा आणि प-सा-ग हे तीन मेळ नव्हेत. तो एकच मेळ तीन प्रकारे बसलेला आहे. खाली कोणीही बसो, घरधनी सा हाच. या घरधन्यास त्याने मूळ खर्ज असे नाव दिले. कानावर पडणारा खर्ज एक आणि मेळाचा मूळ खर्ज दुसरा असू शकतो, हा भेद त्याने पहिल्याने स्पष्ट मांडला. आणि मूळ खर्जांचीच ओळ वेगळी लिहून पाहता, गाणे बहुधा पाच स्वरांच्या अंतराने खाली उतरते, म्हणजे प वरून सा वर येऊन विसावते, असे त्यास आढळले. हे सर्व त्याने १७२२ साली पॅरिस येथे छापलेल्या स्वरमेळावरील ग्रंथात घातले.

हा विषय आमच्या नेवाशाच्या मुलांस परका वाटण्याचे कारण नाही, पण एक अडचण खरी आहे. येथे सप्ताहात विणेकरी वीणा खाली ठेवीत नाही. तिचा सा अखंड चालतो व सारे गायन त्या एका खांबास टेकून उभे असते. ज्याचा कान असा तयार झाला, त्यास बास गिटार हाती घेताच नवल वाटते की येथे खांबच जागा बदलतो. सा-ग-प झाले, म-ध-सा झाले, प-नि-रे झाले. प्रत्येक वेळी नवा धनी. तथापि हे तीन मेळ मांडून पाहा, सप्तकाचे सातही शुद्ध स्वर त्यांत आले. नवशिक्या वादकाने प्रथम म्हणून हे तीन धनी ओळखावे. चार तारांच्या बासवर प्रत्येक तार शेजारच्या जाड तारेहून मध्यमाने उंच असते. म्हणून मूळ स्वराचा पंचम पुढील बारीक तारेवर दोन पडदे वर, आणि शुद्ध गांधार त्याच तारेवर एक पडदा मागे सापडतो. हे बोटांस कळले की मेळ कोणताही असो, आकृती तीच राहते. मग कधी मूळ स्वर सोडून मुद्दाम गांधार वाजवावा. मेळ तोच, पण त्याचा भार हलका झालेला व तो पुढे जाऊ पाहणारा असा ऐकू येईल.

रामोस पुढे असे कळले की जोसेफ सोव्हर नावाच्या विद्वानाने तारेच्या एका नादात दडलेले वरचे नाद शोधले आहेत. हा सोव्हर लहानपणापासून कानाने अधू होता! तारेचा तिसरा हिस्सा पंचम देतो आणि पाचवा हिस्सा गांधार. आपल्याकडील गवयांस ही गोष्ट तंबोऱ्याने पूर्वीच सांगितलेली आहे. उत्तम जुळलेल्या तंबोऱ्यातून न छेडलेला गांधार उमटतो, त्यास ते स्वयंभू गांधार म्हणतात. रामोस वाटले, सा-ग-प हा मेळ मनुष्याने केलेला नसून निसर्गानेच दिला. १७२६ सालच्या ग्रंथात त्याने हे प्रतिपादन केले. कोमल गांधाराचा मेळ मात्र अशा रीतीने निघेना. त्यासाठी त्याने आयुष्यभर नाना युक्त्या लढविल्या, आणि आमच्या मते एकही पटण्यासारखी नाही.

ग्रंथाने कीर्ती आली, पोट भरले नाही. १७२७ साली पॅरिसच्या सें-पोल देवळातील जागेसाठी झालेल्या चढाओढीत दाकँ नावाचा वादक निवडला गेला व रामो मागे राहिला. शास्त्र लिहिणाऱ्यास गाणे रचता येत नाही, असे लोक म्हणत. अखेर १७३३ साली, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्याचे पहिले संगीतनाटक रंगभूमीवर आले. नगरीत दोन तट पडले. जुन्या ल्युलीचे भक्त एका बाजूस, रामोचे दुसऱ्या. त्यानंतर मात्र त्याने मागे पाहिले नाही.

स्वभावाने तो तुसडा होता, आणि लिहिणे इतके अवघड की १७५२ साली दालांबेर या गणितज्ञाने त्याचे शास्त्र सोप्या भाषेत पुन्हा लिहिले तेव्हा कोठे ते सर्वत्र पसरले. या उपकाराची फेड त्याने वाद घालून केली. विश्वकोशातील रूसोच्या संगीतविषयक लेखांवर त्याने १७५५ साली तुटून पडून पुस्तिका छापली. म्हातारपणी तर सर्व शास्त्रांचे मूळ एका निनादत्या तारेत आहे असे तो म्हणू लागला; येथे आम्ही त्याची सोबत सोडतो.

ऐंशीव्या वर्षीही तो नवे संगीतनाटक रचीत होता. त्याच्या तालमी झाल्या, पण प्रयोग झाला नाही, आणि १२ सप्टेंबर १७६४ रोजी रामो पॅरिस येथे मरण पावला. ते नाटक पूर्णपणे रंगभूमीवर येण्यास १९८२ साल उजाडले.