आल्फ्रेड बिने : चाचणी मदतीसाठी, शिक्क्यासाठी नव्हे

फ्रान्समध्ये १८८२ साली शिक्षण सक्तीचे झाले आणि अभ्यासात मागे पडणारी मुलेही वर्गात आली. त्यांपैकी विशेष वर्गाची गरज कोणाला, हे शिक्षकाच्या किंवा डॉक्टरच्या अंदाजावर ठरले, तर नुसते खोडकर मूलही ‘मंद’ ठरण्याची भीती होती. १९०४ मध्ये नेमलेल्या सरकारी समितीत मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने होते. डॉ. थिओडोर सिमों यांच्यासह त्यांनी १९०५ मध्ये ३० चाचण्यांची श्रेणी तयार केली. चित्रातील वस्तू ओळखणे, आकडे ऐकून पुन्हा सांगणे, अशा त्या चाचण्या होत्या. बुद्धी योग्य शिक्षणाने वाढते, असे बिने मानत. १९११ मध्ये, ५४व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुढे अमेरिकेत मात्र याच चाचणीने अनेकांवर कायमचा शिक्का मारला.