दर्याचे सरखेल कान्होजी आंग्रे

शिक्षक मित्रांनो, पालकहो, सातारा-सांगलीच्या आपल्या मुलांना समुद्र लांबचा वाटतो. पण १७१३ साली दर्यावरच्या एका माणसाने साताऱ्याची गादी हादरवली होती. ताराबाईंच्या बाजूचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, कान्होजी आंग्रे घाट चढून आले आणि त्यांनी शाहू महाराजांचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच कैद केलं. आता सातारा दूर नव्हता! तेव्हा बाळाजी विश्वनाथ बोलणी करायला गेले. १७१४ मध्ये तह झाला, कान्होजी शाहू महाराजांकडे आले. आपसातली लढाई टळली, सरखेली कायम राहिली. पुढे १७२४ मध्ये विजयदुर्गावर चालून आलेलं डच आरमारही हात हलवत परतलं. १७२९ साली कान्होजी गेले. मुलांना त्यांच्या लढाया सांगाच. पण हात वर असताना केलेला तो तह आधी सांगा.