१६८ स्पॅनिश लोकांनी राजा पकडला अन् अख्खं इन्का साम्राज्य अडकलं

१६ नोव्हेंबर १५३२. आजच्या पेरू देशातलं काहामार्का हे गाव. इन्कांचा राजा अताहुआल्पा पालखीत बसून चौकात आला. सोबत हजारो माणसं होती, पण बहुतेकांकडे लढाईची शस्त्रं नव्हती. आजूबाजूच्या इमारतींत फ्रान्सिस्को पिसारो १६८ स्पॅनिश लोकांसह दबा धरून बसलेला. रात्र होईपर्यंत राजा कैदेत होता.

आता एक माणूस पकडल्यानं एवढं मोठं साम्राज्य कसं अडकलं? तर उत्तर आहे इन्कांच्या कारभारात.

त्यांचं राज्य चार प्रांतांचं. सर्वात वर सापा इन्का, म्हणजे राजा. तो सूर्याचा वंशज मानला जायचा. त्याच्या खाली चार प्रांतांचे प्रमुख, मग सुभेदार. त्याखाली कुटुंबांचे दहा, शंभर, हजार असे गट आणि प्रत्येक गटाला मुखिया. कर पैशात नाही, तर कष्टात द्यायचा. रस्ते बांधा, शेतं कसा, सैन्यात जा. याला मिता म्हणायचे. लिपी नव्हती, म्हणून हिशोब दोऱ्यांच्या गाठींत ठेवायचे. राजाचा हुकूम धावपटू टप्प्याटप्प्यानं पोहोचवायचे.

पण राजानंतर गादी कुणाची, याचा पक्का नियम नव्हता.

१५२७ च्या सुमारास अताहुआल्पाचे वडील वायना कापाक वारले. राजधानी कुस्कोत सावत्र भाऊ वास्कार गादीवर बसला, तर उत्तरेतलं अनुभवी सैन्य अताहुआल्पाच्या बाजूनं होतं. भावाभावांत युद्ध पेटलं. अताहुआल्पाच्या सेनापतींनी वास्कारला पकडलं आणि नेमक्या त्याच वेळी पिसारो येऊन धडकला.

गंमत म्हणजे कैदेतूनही अताहुआल्पाचा हुकूम चालत होता. सुटकेसाठी त्यानं एक खोली सोन्यानं भरून द्यायचं कबूल केलं, आणि कुस्कोपासून सोनं येऊ लागलं. वास्कारला ठार मारण्याचा आदेशही त्यानं कैदेतूनच दिला. राजा स्पॅनिशांच्या ताब्यात असल्यानं त्याच्या सैन्यानं हल्ला केला नाही.

सोनं घेऊनही पिसारोनं जुलै १५३३ मध्ये त्याला मारलं. वास्कार आधीच संपला होता. सगळे हुकूम जिथून सुटायचे, ती जागाच रिकामी झाली. इन्कांवर नाराज असलेल्या जमाती स्पॅनिशांना मिळाल्या आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पिसारो कुस्कोत शिरला.

इन्का त्यानंतरही डोंगरातून लढत राहिले, थेट १५७२ पर्यंत. पण अताहुआल्पाच्या हातात होतं तसं राज्य पुन्हा कुणालाच उभं करता आलं नाही.