डोक्यावर धुण्याचं ओझं वाहणाऱ्या बाईनं केसांची शाळा काढली आणि हजारो जणींची धुणीभांडी सुटली

नेटफ्लिक्सवर २०२० मध्ये 'सेल्फ मेड' नावाची एक सिरीज आली होती. लॉकडाऊनमध्ये तुमच्यापैकी काहींनी ती बघितलीही असेल. केसांना लावायचं मलम विकून श्रीमंत झालेल्या एका कृष्णवर्णीय बाईची ही गोष्ट. तिचं नाव मॅडम सी. जे. वॉकर.

स्वतःच्या कमाईवर दशलक्षाधीश झालेली अमेरिकेतली पहिली बाई अशी त्यांची ओळख सांगितली जाते. पण त्यांनी मलमाचे किती डबे विकले, यापेक्षा त्यांनी कुणाला काय शिकवलं हा भाग जास्त भारी आहे. आणि थोडा वादाचाही आहे.

सुरुवातीपासून बघू.

गुलामी संपली, पण कापूस सुटला नाही

२३ डिसेंबर १८६७ ला अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातल्या डेल्टा या गावी एक मुलगी जन्माला आली. नाव सारा ब्रीडलव्ह. तिचे आईवडील कापसाच्या मळ्यावर गुलाम होते. गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्यानं संपली, त्यामुळं सारा ही त्या घरात स्वतंत्र जन्मलेली पहिली मुलगी ठरली.

इकडं पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. तेव्हा सारा पाच वर्षांची होती. कागदावर ती मुक्त होती, पण तिचं कुटुंब त्याच मळ्यावर कापूस वेचत होतं.

सात वर्षांची असताना ती पोरकी झाली. बहिणीकडं राहायला गेली, तर मेहुणा छळायचा. त्यातून सुटायला चौदाव्या वर्षी लग्न केलं. सतराव्या वर्षी लिलिया नावाची मुलगी झाली आणि विसाव्या वर्षी नवरा वारला.

पदरात लहान पोर घेऊन सारा सेंट लुईस शहरात आली. तिथं तिचे भाऊ न्हाव्याचा धंदा करायचे. साराच्या वाट्याला मात्र लोकांचे कपडे धुणं आलं. दिवसाला जेमतेम डॉलरभर मिळायचा. स्वतःची शाळा काही महिन्यांतच सुटली होती, पण याच पैशांतून तिनं लिलियाला पुढं कॉलेजपर्यंत शिकवलं.

केस एवढे महत्त्वाचे का होते?

आपल्याला वाटेल, पोटाची मारामार असताना केसांचं काय घेऊन बसलात? पण तिथं केसांचा प्रश्न सौंदर्यापुरता नव्हता.

साराचा जन्म झाला त्याच लुइझियानात १७८६ मध्ये स्पॅनिश गव्हर्नरनं फर्मान काढलं होतं. कृष्णवर्णीय बाई गुलाम नसली, स्वतंत्र असली, तरी तिनं केस फडक्याखाली झाकायचे. का? तर तिच्या केसरचना बघून ती गोऱ्या बायकांच्या बरोबरीची वाटू नये. बायकांनी त्यावरही उपाय काढला. फडकीच रंगीत, महागडी घेतली आणि झोकात बांधली.

फर्मान मागं पडलं, पण नजर तीच राहिली. सरळ, लांब केस म्हणजे चांगले आणि बारीक कुरळे केस म्हणजे वाईट. ही विभागणी इतकी मुरली होती की, कृष्णवर्णीय घरांतही ती बोलली जायची.

त्यात आजार. गरीब वस्तीत घरात नळ नाही. केस कधीतरीच धुतले जायचे, तेही कडक साबणानं. आहार निकृष्ट. त्यामुळं कोंडा, टाळूला खरूज, जखमा आणि मग केस गळणं हे घरोघरी होतं. साराचेही केस झपाट्यानं गळायला लागले. मोठ्या घरच्या बायका चर्चमध्ये दिसल्या की, तिला स्वतःची लाज वाटायची.

जिचं नाव मागं पडलं

इथं ॲनी टर्नबो मलोन यांचं नाव घ्यायलाच हवं. कृष्णवर्णीय बायकांसाठी केसांची औषधं बनवून त्या दारोदार विकायच्या. १९०३ च्या सुमारास सारा त्यांची विक्रेती झाली.

१९०५ मध्ये सारा डेन्व्हरला गेली, तेव्हा तिच्याकडं दीड डॉलर शिल्लक होता असं सांगितलं जातं. तिथंही आधी तिनं मलोन यांचाच माल विकला आणि मग स्वतःचं मलम काढलं. नाव दिलं, 'वंडरफुल हेअर ग्रोअर'. ही कृती आपल्याला स्वप्नात एका माणसानं सांगितली, असं ती सांगायची. मलोन यांनी मात्र नक्कल केल्याचा आरोप केला.

खरं तर गंधक आणि व्हॅसलिनसारखं पेट्रोलियम जेली हा टाळूवरचा आधीपासून चालत आलेला उपाय होता. तो दोघींपैकी एकीचाही शोध नव्हता. पण अशा बायकांची साखळी उभी करून माल विकायचा हा धडा साराला मलोन यांच्याकडं मिळाला, हे नक्की. पुढं मलोन यांनीही सेंट लुईसमध्ये 'पोरो कॉलेज' नावाची भव्य संस्था उभी केली.

सारा 'मॅडम' झाली

जानेवारी १९०६ मध्ये तिनं चार्ल्स जोसेफ वॉकर यांच्याशी लग्न केलं. ते वर्तमानपत्रांच्या जाहिरातींचं काम करायचे. नवऱ्याच्या नावाची आद्याक्षरं घेऊन तिनं धंद्याचं नाव ठेवलं, मॅडम सी. जे. वॉकर.

यातल्या 'मॅडम'ला अर्थ होता. त्या काळात गोरे लोक कृष्णवर्णीय बाईला वय न बघता नुसत्या नावानं किंवा 'आँटी' म्हणून हाक मारायचे. आता पहिलं नावच कुणाला कळणार नाही, तर अगं-तुगं करणार कसं? म्हणून आपणही इथून पुढं त्यांना अहो-जाहोच करू.

डब्यावर त्यांनी स्वतःचा चेहरा छापला. जाहिरातीत उपचाराआधीचे आणि नंतरचे स्वतःचेच फोटो दिले. कृष्णवर्णीय बायकांना माल विकतानाही उजळ चेहऱ्याच्या मॉडेल दाखवायच्या त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती.

आणि मग शाळा

१९०८ मध्ये पिट्सबर्गला त्यांनी मुलीच्या नावानं 'लिलिया कॉलेज' काढलं. केसांची निगा शिकवणारी ही शाळा होती. १९१० मध्ये इंडियानापोलिसला मुख्यालय हललं. तिथं कारखाना, सलून आणि प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं. लांबच्या बायकांना टपालानंही अभ्यासक्रम मिळायचा.

शिकवायचे काय? टाळू आधी स्वच्छ कशी करायची, केस वरचेवर का धुवायचे, मलम कसं चोळायचं, तापवलेला लोखंडी कंगवा कसा फिरवायचा. जोडीला दुकान कसं लावायचं आणि गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं. शिकून बाहेर पडलेल्या बाईला 'हेअर कल्चरिस्ट' म्हणायचे, म्हणजे केसांची जाणकार.

तेव्हा कृष्णवर्णीय बाईपुढं कामाचे पर्याय मोजकेच होते. गोऱ्यांच्या घरी मोलकरीण, धुणं, स्वयंपाक किंवा शेतात मजुरी. शिक्षिका होणाऱ्या थोड्या. अशा वेळी काही आठवड्यांत शिकता येईल आणि स्वतःच्या घरात चालवता येईल असा धंदा हातात आला. कंपनीच्या हिशोबानं पुढं अशा सुमारे २० हजार जणी तयार झाल्या.

१९१२ मध्ये शिकागोला कृष्णवर्णीय व्यावसायिकांचं अधिवेशन होतं. अध्यक्ष बुकर टी. वॉशिंग्टन, समाजातले सगळ्यात वजनदार पुढारी. केस सरळ करण्याच्या धंद्यावर त्यांची नाराजी होती. मॅडम वॉकर यांना ते बोलूच देईनात. शेवटच्या दिवशी त्या जागेवरच उभ्या राहिल्या आणि बोलायला लागल्या. कापसाच्या शेतातून, धुण्याच्या टबापासून इथवर आलो आणि स्वतःच्या जागेवर स्वतःचा कारखाना बांधला, हे त्यांनी न लाजता सांगितलं. पुढच्या वर्षीच्या अधिवेशनात त्याच वॉशिंग्टन यांनी त्यांना भाषणाला बोलावलं.

वाद काय आहे?

त्यांच्यावर तेव्हाही टीका झाली आणि आजही होते. केस सरळ करायला शिकवणं म्हणजे गोऱ्यांसारखं दिसायला शिकवणं नाही का?

मॅडम वॉकर यांचं म्हणणं होतं की, आपलं काम टाळूचं आरोग्य आणि केसांची वाढ आहे. केस सरळ करणारी असा शिक्का त्यांना मान्य नव्हता. तापवलेला कंगवा त्यांनी शोधलेला नाही, तो युरोपातून आला होता. कातडी उजळ करणारी क्रीम त्यांनी हयातीत विकली नाही. ती कंपनीनं त्यांच्या मृत्यूनंतर बाजारात आणली.

पण त्यांच्या पद्धतीत कंगवा होताच आणि जाहिरातीतले 'नंतरचे' केस लांबसडक होते. त्यामुळं टीका खोटी म्हणता येत नाही. दुसरीकडं, ज्या बाईचे केस जखमांमुळं गळतायत, तिला आपल्यासारखीच दिसणारी दुसरी बाई मांडीशी बसवून, डोक्याला हात लावून सांगते की हे बरं होतं, यालाही मोल आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

केस सोडून पुढं

ऑगस्ट १९१७ मध्ये फिलाडेल्फियात त्यांनी आपल्या विक्रेत्या बायकांचं पहिलं अधिवेशन भरवलं. दोनशेहून जास्त जणी आल्या. जास्त विक्री करणाऱ्यांना बक्षिसं होतीच, पण समाजकार्याला जास्त मदत करणाऱ्यांनाही होती.

सुमारे दोन महिने आधी ईस्ट सेंट लुईसमध्ये गोऱ्या जमावानं कित्येक कृष्णवर्णीयांना ठार मारलं होतं. मॅडम वॉकर हार्लेमच्या पुढाऱ्यांसोबत व्हाइट हाऊसला गेल्या होत्या, पण राष्ट्राध्यक्ष विल्सन भेटले नाहीत. मग या अधिवेशनातून बायकांनीच त्यांना तार केली. जमावाकडून होणाऱ्या हत्यांविरुद्ध कायदा करा, अशी मागणी त्यात होती.

जरा विचार करा. गोऱ्या मालकिणीच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईनं अशी तार केली असती, तर दुसऱ्या दिवशी तिचं काम गेलं असतं. या बायकांना कामावरून काढणारं कुणी नव्हतं. शाळेनं त्यांना दिलेली खरी गोष्ट ही होती.

२५ मे १९१९ ला मूत्रपिंडाच्या आजारानं मॅडम वॉकर गेल्या. वय ५१. मालमत्ता सहा लाख डॉलरच्या आसपास होती असं सांगितलं जातं, म्हणजे दशलक्षाचा आकडा थोडा फुगवलेलाच. पण कंपनीच्या पुढच्या नफ्यातला दोन तृतीयांश वाटा त्यांनी समाजकार्यासाठी लिहून ठेवला. जाण्याआधी काही दिवस जमावाच्या हत्यांविरुद्धच्या लढ्याला ५ हजार डॉलर जाहीर केले होते.

त्यांच्या मृत्यूनंतर बरोबर शंभर वर्षांनी, २०१९ मध्ये, कॅलिफोर्निया राज्यानं 'क्राउन ॲक्ट' केला. नैसर्गिक कुरळे केस, वेण्या किंवा जटा ठेवल्या म्हणून नोकरीत किंवा शाळेत भेदभाव करता येणार नाही, असं सांगणारा अमेरिकेतला हा पहिला राज्य कायदा. म्हणजे २०१९ पर्यंत केसांवरून मुलींना शाळेत आणि बायकांना ऑफिसात अडवलं जात होतं.

मॅडम वॉकर यांच्या विद्यार्थिनींना नोकरी हवी तर केस बदलावे लागतील हे माहीत होतं. म्हणून त्यांनी नोकरीच सोडली आणि त्याच केसांवर स्वतःचा धंदा उभा केला. केस जसे आहेत तसे घेऊन नोकरीवर जायचा हक्क मिळायला मात्र आणखी शंभर वर्षं लागली.