वीर हुतात्मा भाई कोतवाल

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानच्या एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. घराण्याचा पिढीजात व्यवसाय केशकर्तनाचा. मुलगा मात्र वकील झाला. शेतकऱ्यांची सावकारी पाशातून सुटका व्हावी म्हणून त्यांनी धान्यपेढी काढली, मुलांसाठी शाळा चालविल्या. अशा विधायक वृत्तीचा मनुष्य रानोमाळ लढेल, हे कोणाच्या स्वप्नीही नसावे. परंतु १९४२ च्या लढ्यात भाई भूमिगत झाले. त्यांनी ‘आझाद दस्ता’ उभारला आणि मुंबईला वीज पुरविणारे मनोरे पाडले. दस्त्यात गोमाजी पाटील व हिराजी हे पितापुत्रही होते. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी दस्त्यावर गोळीबार केला. तिशीतले भाई आणि त्यांच्यासमवेत हिराजी धारातीर्थी पडले. गोमाजींनी एकाच पहाटे नेता गमावला आणि पुत्रही.