मैदानाला अभ्यासक्रम देणारे हॅरी क्रो बक

भोपाळच्या तात्या टोपे नगरमधील मैदानावर सकाळी मुलांचा सराव घेणारा एखादा तरुण प्रशिक्षक आज संध्याकाळी घरी बसून परदेशी विद्यापीठाच्या पदव्युत्तर वर्गाला हजर राहू शकतो. क्रीडाप्रशिक्षणाला ख्रिस्ती मूल्यांची जोड देणारे असे ऑनलाइन अभ्यासक्रम आता उपलब्ध आहेत. माध्यम नवे असले, तरी त्यामागचा विचार भारताला नवा नाही. खेळ शिकवणाऱ्याने आधी स्वतः शिकले पाहिजे आणि त्या शिक्षणात शरीराइतकेच चारित्र्यालाही स्थान असले पाहिजे, हा विचार शंभर वर्षांपूर्वी मद्रासमध्ये एका अमेरिकन गृहस्थाने रुजवला. त्यांचे नाव हॅरी क्रो बक.

बक यांचा जन्म 1884 साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात झाला. त्यांचे व्यावसायिक शिक्षण मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीएच्या, म्हणजे ख्रिस्ती युवक संघटनेच्या, प्रशिक्षण संस्थेत झाले. 1844 साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या या संघटनेने प्रारंभी तरुणांच्या प्रार्थनेकडे आणि वाचनाकडे लक्ष दिले. व्यायामशाळा तिच्यात नंतर आली. स्प्रिंगफील्डमध्ये ल्यूथर गुलिक यांनी शरीर, मन आणि आत्मा या तीन भुजांच्या त्रिकोणाची कल्पना मांडली. धर्मशास्त्राची पदवी घेतलेल्या जेम्स नाइस्मिथ यांनी 1891 साली तेथेच बास्केटबॉल हा खेळ निर्माण केला. धर्मोपदेशकाने खेळाचा शोध लावावा, हे त्या संस्थेत कोणालाही विसंगत वाटले नाही. शरीर ही ईश्वराची ठेव आहे आणि तिची निगा राखणे हा सेवेचाच एक प्रकार आहे, अशी तेथील धारणा होती. हीच शिदोरी घेऊन बक 1919 साली भारतात आले.

हा विचार गोव्याच्या मातीला तोवर अनोळखी राहिला नव्हता. 1883 साली प्रकृतीस उतार पडावा म्हणून शिवोलीत आलेल्या फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी ख्रिस्ती शिक्षणाचा भाग म्हणून मुलांच्या पायांशी फुटबॉल आणून ठेवला होता. पुढे तो खेळ गावोगाव पसरला आणि गोमंतकीयांच्या जगण्याचा भाग झाला. लायन्स यांनी मुलांना खेळ दिला. बक यांच्यासमोरचा प्रश्न मात्र वेगळा होता. खेळ शिकवणारी माणसे कशी घडवायची, हे त्यांना शोधायचे होते.

त्या काळी ब्रिटिश हिंदुस्थानातील शाळांत शारीरिक शिक्षण म्हणजे कवायत, आणि ती घेणारा बहुधा सैन्यातून निवृत्त झालेला शिपाई असे. हुकूम देणे हीच त्याची अध्यापनपद्धती. शाळेत त्याला गणिताच्या किंवा संस्कृतच्या शिक्षकाचा मान नसे, आणि मुलाच्या वाढीचे शास्त्र त्याला कोणी शिकवलेले नसे. दुसरीकडे महाराष्ट्रात, वऱ्हाडात आणि बडोद्यात आखाड्यांची समर्थ परंपरा होती. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभे होते. तेथे गुरू होते, निष्ठा होती आणि राष्ट्रकार्याची प्रेरणाही होती; परंतु शाळेतील शिक्षकासाठी अधिकृत, मान्यताप्राप्त असे प्रशिक्षण नव्हते.

1920 साली बक यांनी मद्रासमध्ये वायएमसीएची शारीरिक शिक्षण संस्था सुरू केली. पहिल्या तुकडीत विद्यार्थी होते अवघे पाच. आशिया खंडातील या प्रकारची पहिली संस्था म्हणून आज तिचा गौरव होतो. त्या दिवसांत मात्र पाच विद्यार्थ्यांच्या या उपक्रमाचे भवितव्य कोणालाही सांगता आले नसते. आपल्या मुलाने खेळ शिकवण्याचे शिक्षण घ्यावे, असे सुशिक्षित कुटुंबाला वाटणे दुर्मीळ होते. वकिली, सरकारी नोकरी किंवा अध्यापन यांच्या पंक्तीत मैदानाला जागा नव्हती. ती जागा मिळवून देणे हे बक यांच्या आयुष्याचे काम ठरले.

काळही अनुकूल नव्हता. त्याच वर्षी असहकाराची चळवळ सुरू झाली आणि परकीय शिक्षणसंस्थांविषयी मनामनांत संशय निर्माण झाला. ख्रिस्ती संघटनेच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या शाळेकडे धर्मांतराच्या शंकेने पाहिले जाणे स्वाभाविक होते. या शंकेला उत्तर दिले ते संस्थेच्या व्यवहाराने. तिची दारे सर्व धर्मांच्या तरुणांना खुली राहिली. श्रद्धा ही वर्गातील परीक्षेची बाब झाली नाही. ती दिसावी ती शिक्षकाच्या वागण्यातून: नियम पाळण्यात, हरलेल्याला सावरण्यात, दुबळ्या मुलालाही मैदानावर स्थान देण्यात. ख्रिस्ती मूल्यांचा हा अर्थ हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती विद्यार्थ्यांना सारखाच आपला वाटू शकला, म्हणूनच संस्था टिकली.

बक यांच्या कार्याला लवकरच राष्ट्रीय परिमाण लाभले. 1920 साली अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू गेले ते सर दोराबजी टाटा आणि पुण्याचे डेक्कन जिमखाना यांच्या पुढाकाराने. त्या चमूतील बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये 19 वे आले. जिद्द होती, शास्त्रशुद्ध प्रशिक्षणाची आणि निवडीच्या व्यवस्थेची उणीव होती. ही उणीव भरून काढण्याच्या प्रयत्नांत वायएमसीएचे क्रीडासंचालक पुढे आले. फेब्रुवारी 1924 मध्ये अखिल भारतीय ऑलिंपिक क्रीडास्पर्धा भरल्या. त्यांतून निवडलेला संघ पॅरिसला गेला तेव्हा त्याचे व्यवस्थापक हॅरी बक होते. पदके मिळाली नाहीत. परंतु प्रांतोप्रांतीच्या खेळाडूंना एका कसोटीवर पारखून देशाचा संघ बांधण्याची रीत पडली. 1927 साली भारतीय ऑलिंपिक संघटना औपचारिकपणे स्थापन झाली. टाटा अध्यक्ष झाले आणि वायएमसीएचे ए. जी. नोरेन सचिव झाले.

ऑलिंपिकच्या झगमगाटात बक रमले नाहीत. त्यांचे मन मद्रासच्या वर्गात होते. विविध खेळांच्या नियमांचे त्यांनी संकलन केले, कारण गावातील शिक्षकाच्या हाती नियमांचे पुस्तक नसेल तर सामना भांडणात संपतो. संस्थेतर्फे निघणाऱ्या नियतकालिकाला नावही भारतीय लाभले: व्यायाम. पुढे अड्यार नदीच्या परिसरात, सैदापेठजवळ, संस्थेला विस्तीर्ण जागा मिळाली आणि पाच विद्यार्थ्यांची शाळा महाविद्यालयाच्या रूपात स्थिरावली. 1943 साली बक यांचे निधन झाले. सुमारे चोवीस वर्षे त्यांनी या देशाला दिली होती. स्वतंत्र भारत पाहण्याचे भाग्य मात्र त्यांना लाभले नाही.

त्यांनी लावलेले रोप मद्रासच्या कुंपणात राहिले नाही. मुंबई इलाख्यात 1937 नंतर लोणावळ्याच्या कैवल्यधामचे संस्थापक स्वामी कुवलयानंद यांच्या नेतृत्वाखाली शारीरिक शिक्षणाची नव्याने आखणी झाली आणि 1938 साली कांदिवलीला सरकारी प्रशिक्षण संस्था उघडली. तिची धुरा मद्रासच्या परंपरेत घडलेल्या पी. एम. जोसेफ यांच्याकडे आली. योगाचा अभ्यासक आणि वायएमसीएच्या संस्कारातील शिक्षक एकाच कार्यात सहभागी झाले. आखाडा आणि व्यायामशाळा यांच्यातील अंतर तेथे कमी झाले. 1857 च्या उठावाची शताब्दी आली तेव्हा ग्वाल्हेरला राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय स्थापन झाले. त्याचे पहिले प्राचार्यही जोसेफच. शारीरिक शिक्षणाचा तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम भारतात तेथे प्रथम सुरू झाला आणि 1963 पासून पदव्युत्तर शिक्षणही मिळू लागले. भोपाळ ज्या राज्याची राजधानी आहे, त्याच राज्यातील ही घटना. भोपाळच्या प्रशिक्षकाला आज जी पदवी घरबसल्या घेता येते, तिची वाट मद्रास, कांदिवली आणि ग्वाल्हेर अशी चालत आली आहे.

या वाटेवर एक प्रश्न मात्र बक यांच्या काळाइतकाच आजही ताजा आहे. शरीररचना, आहार आणि सरावाचे नियोजन पडद्यावरून उत्तम शिकता येते. मूल्ये तशी येतील काय? बक यांच्या संस्थेत शिक्षक आणि विद्यार्थी एकाच मैदानावर घाम गाळत. प्रामाणिकपणा हा तेथे रोजच्या व्यवहारातून उमजणारा विषय होता. दूरस्थ पदवी घेणाऱ्या प्रशिक्षकाला ती प्रयोगशाळा स्वतःच्या मैदानावर उभारावी लागेल. हरलेल्या मुलाशी तो कसा बोलतो, पंचाचा चुकीचा निर्णय कसा स्वीकारतो, संघातील सर्वांत कच्च्या खेळाडूला किती वेळ देतो, यावरच त्याच्या पदवीची खरी परीक्षा होईल. तिचे गुण कोणत्याही प्रमाणपत्रावर छापले जाणार नाहीत. ते त्याने घडवलेल्या मुलांच्या वागण्यातच वाचावे लागतील.